शोक-समुपदेशनाची फोनसेवा: माणसांना चार तारे, व्यवस्थेला दोन

२०२१ मध्ये दादा कोविडने गेला. त्यानंतर मी एका संस्थेकडून फोनवरचं शोक-समुपदेशन घेतलं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रार व्यवस्थेबद्दल आहे, तिथल्या माणसांबद्दल नाही.

नाव नोंदवल्यावर पहिला फोन यायला कित्येक आठवडे गेले. तेव्हा चिडले होते. पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू (म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्तीचे) झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकेका मृत्यूमागे रडणारे चार-पाच जण तरी धरा. ऐकणारे मात्र उलट घटले होते. या संस्थेचे बरेच स्वयंसेवक निवृत्त, वयस्कर; संसर्गाच्या धास्तीने तेच घरी बसलेले.

मला मिळालेल्या मॅडम उत्तम होत्या. 'शोकाच्या पाच पायऱ्यांपैकी (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मी कितवीवर आहे?' असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती मांडणी १९६९ची, आणि मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून केलेली. तुम्ही स्वतःला त्यात बसवू नका. एक दिवस रडण्यात जाईल, दुसरा बँकेची कामं उरकण्यात, आणि दोन्ही ठीकच. घरात विषाणू मीच आणला का, हा माझा खरा प्रश्न होता. त्यावर त्यांनी 'तुमचा काही दोष नाही' असं घाईने म्हटलं नाही. नर्सने फोन धरून घडवलेली दादाची शेवटची भेट त्यांनी मला पहिल्यापासून सांगायला लावली. मध्ये एकदाही थांबवलं नाही.

फोनची अडचण म्हणजे शांतता. समोरासमोर माणूस गप्प बसला तरी दिसतो. इथे मी दर वेळी 'हॅलो, आहात ना?' म्हणायचे. व्हिडिओवर तर स्वतःचाच रडका चेहरा दिसायचा. शेवटी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागद चिकटवला. गटसत्र मला अजिबात पटलं नाही. दोघं एकदम रडायला लागली की एकाचाच आवाज ऐकू यायचा, आणि वेळ संपली की पडदा काळा. दाराशी रेंगाळून होणारं बोलणं, ज्यासाठी माणसं खरं तर गटात येतात, ते नाहीच.

ते रेंगाळणं समुपदेशकांचंही गेलं होतं. मॅडम स्वतःच्या झोपायच्या खोलीतून बोलायच्या. दिवसभर ऐकलेलं मोकळं करायला शेजारच्या टेबलावर सहकारी नाही, आणि रात्री झोपायचं त्याच खोलीत. मग एके दिवशी त्या एकदम रजेवर गेल्या. त्यांच्याच घरात मृत्यू झाला होता, हे मला उशिरा कळलं. रजेबद्दल कुरकूर नाही. पण संस्थेने मला आधी कळवलं नाही, आणि नव्या समुपदेशकांना माझ्याबद्दल एक ओळही दिली नव्हती. सगळं पुन्हा पहिल्यापासून. समुपदेशकांचं कोण ऐकतं, असं मी समन्वयकांना विचारलं. फोन वाढल्यामुळे त्यांची मासिक सुपरव्हिजनची बैठक, म्हणजे समुपदेशकांनी आपल्या कामाबद्दल अनुभवी व्यक्तीशी बोलून मोकळं व्हायची जागा, बंद केली होती, म्हणे! ज्या काळात ती सर्वांत जास्त हवी, नेमकी तेव्हाच. दोन तारे इथेच कापले.

एक गोष्ट मात्र संस्थेने स्वच्छ सांगितली: सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं जगणं ठप्प असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आमच्यावर विसंबू नका.

नाव नोंदवताना विचारून घ्या: समुपदेशक रजेवर गेल्या तर पुढे कोण, आणि सुपरव्हिजन सुरू आहे का. शक्यतो सकाळची वेळ मागा. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज ओढलेला असतो, आणि मग आपणच हात राखून बोलायला लागतो.