लेस्ली स्टीफन यांचे जॉन्सन-चरित्र : एका नव्या प्रतीविषयी

लेस्ली स्टीफन यांनी लिहिलेले, अठराव्या शतकातील इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सन याचे चरित्र 1878 साली मॅकमिलनच्या इंग्रजी साहित्यिकांवरील चरित्रमालेत निघाले. मालेचे संपादक होते जॉन मोर्ले, म्हणजे मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे पुढे आपल्याला माहीत झालेले तेच मोर्ले. या जुन्या पुस्तकाची, मागणी येईल तशी छापून देण्यात येणारी प्रत मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवली आणि 325 रुपयांत ती चार दिवसांनी दादरला घरपोच मिळाली. पुस्तक अवश्य वाचावे, परंतु ही प्रत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

कागद पांढरा आणि जाड आहे, अक्षरही डोळ्यांना त्रास न देणारे आहे. मात्र पहिल्याच प्रकरणातील दोन पाने गायब आहेत. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने तक्रार न करता दुसरी प्रत पाठवली, तीतही नेमकी तीच दोन पाने नव्हती. अशा प्रती ग्रंथालयातील जुन्या पुस्तकाच्या स्कॅनवरून छापल्या जातात. स्कॅन करताना पान निसटले की ते प्रत्येक प्रतीतून निसटते, आणि छापण्यापूर्वी कोणी वाचून पाहिले नाही तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बदली प्रत देऊन हा दोष दूर होणारा नाही.

याहून मला अधिक खटकले ते हे, की लेखक कोण होते याविषयी संपूर्ण पुस्तकात एक ओळही नाही. ज्या माणसाने इतरांची चरित्रे नेटकेपणाने नोंदवण्यात आयुष्याची उत्तम वर्षे घालवली, त्याच्या वाट्याला मलपृष्ठावरचा एक परिच्छेदही येऊ नये, हे योग्य नव्हे.

स्टीफन यांचा जन्म 1832 सालचा, लंडनमधला. त्यांचे थोरले बंधू जेम्स फिट्झजेम्स हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा-सदस्य होते आणि आपल्या न्यायालयांत दीडशे वर्षे चाललेला 1872 चा पुरावा कायदा त्यांच्याच हातचा. लेस्ली केंब्रिजला शिकले, तेथेच शिकवू लागले आणि धर्मदीक्षा घेऊन पाद्रीही झाले. पण श्रद्धा उरली नाही तेव्हा प्रार्थना चालवण्यास नकार देऊन 1862 साली त्यांनी ट्यूटरपद सोडले. मनाला न पटणारे शब्द केवळ पोटासाठी उच्चारायचे नाहीत, ही वृत्ती मला त्यांच्या समीक्षेतही पानोपानी दिसते. पुढे ते लंडनला येऊन नियतकालिकांत लिहू लागले. आल्प्समध्ये गिर्यारोहणही त्यांनी पुष्कळ केले. श्रेकहॉर्न हे शिखर 1861 साली सर करणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. 1871 ते 1882 या काळात ते ‘कॉर्नहिल’ मासिकाचे संपादक होते आणि टॉमस हार्डी यांची कादंबरी त्यांनी त्यात क्रमशः छापली.

त्यानंतर प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांनी त्यांच्यावर ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे काम सोपवले. पहिला खंड 1885 साली निघाला. पहिल्या 26 खंडांवर संपादक म्हणून स्टीफन यांचे नाव आहे, शेवटच्या काहींवर सिडनी ली यांच्या जोडीने. शिवाय 378 नोंदी त्यांनी स्वतः लिहिल्या, ज्यांत जॉन्सनवरील नोंदही आहे. चित्रावशास्त्र्यांचा चरित्रकोश ज्यांनी हाताळला आहे, त्यांना अशा कामातील कष्टांची कल्पना येईल. या कामाने स्टीफन यांची प्रकृती ढासळली आणि 1891 साली त्यांना ते सोडावे लागले. काम हाती घेतले त्याच वर्षी, 1882 साली, जन्मलेली त्यांची मुलगी म्हणजे कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात तिला मुक्त प्रवेश होता, हे वाचक म्हणून मला फार मोलाचे वाटते. 1904 साली ते वारले.

कोशाच्या आधी लिहिलेल्या या छोट्या चरित्रात ती शिस्त दिसू लागली आहे. जॉन्सनचा मित्र आणि चरित्रकार बॉझवेल याने जमवलेल्या अफाट सामग्रीतून निवड करीत, सुमारे दोनशे पानांत आणि सहा प्रकरणांत, स्टीफन जॉन्सनचा स्वभाव उभा करतात. शेवटचे प्रकरण जॉन्सनच्या लेखनावर आहे. जॉन्सनचे बोलणे त्याच्या लेखनाहून सरस का ठरले, याचा तेथील विचार मी दोनदा वाचला. आवडत्या लेखकाचे उणेपण मान्य करूनही आदर तसूभर कमी होऊ न देणे, हे कोणत्याही समीक्षकाने शिकावे असे आहे.

गहाळ मजकूर मला अखेर हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर, मॅकमिलनच्या जुन्या, कापडी बांधणीच्या प्रतीत मिळाला. तिची पाने पिवळी पडली आहेत, पुठ्ठा सैल झाला आहे, पण एकही पान कमी नाही. जॉन्सनचे वडील पुस्तकविक्रेते होते; बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानावर जाण्यास तरुण जॉन्सनने गर्वाने नकार दिला आणि पन्नास वर्षांनी त्याचे प्रायश्चित्त म्हणून तो त्याच जागी, उटॉक्सिटरच्या बाजारात, भर पावसात बोडक्या डोक्याने उभा राहिला, ही हकीकत त्याच दोन पानांत होती. ती पाने फोर्टमध्ये झेरॉक्स करून मी नव्या प्रतीत चिकटवली आहेत आणि जुनी प्रत वाचनासाठी टेबलावर ठेवली आहे.