चंद्राचा जन्म: विज्ञान प्रदर्शनासाठी चारपैकी कोणता सिद्धांत घ्यावा?

शाळेच्या प्रदर्शनात हा विषय घ्यायचा ठरला, की चार सिद्धांत समोर येतात. त्यांतला एक निवडताना प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा. चंद्रात लोखंड इतके कमी का? त्याचे खडक पृथ्वीच्या खडकांशी इतके का जुळतात? आणि पृथ्वी-चंद्राच्या जोडीची एकूण फिरकी, म्हणजे कोनीय संवेग, एवढाच कसा?

तिसऱ्या प्रश्नाचा धागा गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मानशीपाशीच (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारापाशीच) सापडतो. भरतीच्या दाबाने तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते. भरतीचा हा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्राच्या थोडा पुढे राहतो. त्यामुळे पृथ्वीची गती मंदावते आणि चंद्र दरवर्षी 3.8 सेंमी दूर सरकतो. अपोलो यात्रींनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे अंतर मोजतात. आजची सगळी फिरकी एकट्या पृथ्वीला परत दिली, तर दिवस सुमारे 4 तासांचा होतो.

जॉर्ज डार्विन यांचा 1879 च्या सुमाराचा विभाजन सिद्धांत इथेच अडतो. वितळलेल्या पृथ्वीचा लचका सुटून चंद्र झाला म्हटले, की लोखंडाचे आणि खडकांचे कोडे सुटते, कारण लचका वरच्या खडकाळ भागाचा. पण तो सुटायला दिवस सुमारे अडीच तासांचाच हवा. मग उरलेली फिरकी गेली कुठे? पॅसिफिक महासागर ही त्या लचक्याची खूण, हे तर तक्त्यावर लिहूच नका. त्याचा तळ सुमारे 20 कोटी वर्षांहून जुना नाही, चंद्र मात्र सुमारे 450 कोटी वर्षांचा आहे.

पृथ्वी आणि चंद्र धूळ-खडकांच्या एकाच चकतीतून शेजारी-शेजारी घडले, हा सहजन्माचा सिद्धांत लोखंडावर नापास होतो. पृथ्वीची सरासरी घनता दर घन सेंमीला 5.51 ग्रॅम, चंद्राची 3.34. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गाभ्यात आहे, चंद्राच्या गाभ्यात जेमतेम 1 ते 2 टक्के. जाणारा पिंड पृथ्वीने पकडला म्हणावे, तर त्याचा वेग कशाने कमी झाला हे सांगता येत नाही, शिवाय परक्या पिंडाच्या खडकांतले ऑक्सिजन समस्थानिकांचे, म्हणजे ऑक्सिजनच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण पृथ्वीशी इतके जुळायचे नाही.

म्हणून धडकेचाच सिद्धांत घ्या. तो 1975 मध्ये हार्टमन आणि डेव्हिस यांनी, 1976 मध्ये कॅमेरून आणि वॉर्ड यांनी मांडला. मंगळाएवढा ‘थिया’ नावाचा पिंड पृथ्वीवर तिरका आदळला, दोघांचे लोखंडी गाभे पृथ्वीत मिसळले आणि वर उडालेल्या खडकांच्या चकतीतून चंद्र जमला. सुरुवातीला त्यावर मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, समुद्र होता, त्यावर हलकी खनिजे तरंगली. 2023 मध्ये चंद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरने तपासलेली माती याच चित्राशी जुळते.

तरी एक फट उरतेच. मूळ गणितांत चकतीतला बहुतेक माल थियाचा निघतो, मग खडक इतके सारखे कसे? 2012 मध्ये पृथ्वी आधीच वेगाने फिरत होती असे धरून हे सोडवायचा प्रयत्न झाला, पण मग जादा फिरकी घालवावी लागते. 2017 मध्ये अनेक लहान धडकांचा पर्याय आला, त्यात प्रत्येक छोटा चंद्र पुढच्यात नीट मिसळून एक व्हायला हवा. तक्त्यावर हा प्रश्न ठळक अक्षरांत, धडकेच्या चित्राखालीच लिहा.

प्रतिकृतीसाठी 1 सेंमी म्हणजे 1000 किमी धरा. पृथ्वीसाठी 12.7 सेंमीचा सोललेला नारळ, थियासाठी टेनिसचा बॉल, चंद्रासाठी 3.5 सेंमीचे लिंबू. बॉल समोरून ठोकू नका. ही चूक हमखास होते, आणि तशा धडकेत फिरकीच मिळत नाही, माल परत पृथ्वीवर पडतो. 45 अंशांच्या धडकेसाठी बॉलच्या मध्याची वाट नारळाच्या मध्यापासून सुमारे 7 सेंमी बाजूने जायला हवी, म्हणजे नारळाच्या कडेला जेमतेम चुकवून. आजचा चंद्र 3 मीटर 84 सेंमीवर येतो. टेबल पुरणार नाही, भिंतीला सुतळी बांधा. दुसरे लिंबू नारळाच्या मध्यापासून 20 ते 25 सेंमीवर ठेवा: नुकताच जन्मलेला चंद्र एवढ्या जवळ होता.