चित्रपट अभ्यासायला परदेशी : बारावीनंतर जावे की पदवीनंतर?

ब्रिटन-अमेरिकेत चित्रपट या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी शिकवल्या जातात, आणि नागपुरातून अर्ज करणाऱ्या मुलामुलींची, त्याहून अधिक त्यांच्या पालकांची, पहिली गफलत तिथेच होते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कला विद्यालयात चित्रपटनिर्मितीचा विभाग वेगळा आणि ‘सिनेमा स्टडीज’चा वेगळा आहे. पहिल्यात कॅमेरा, संकलन, ध्वनी; दुसऱ्यात इतिहास, सिद्धान्त आणि लेखन. मानव्यविद्येची पदवी ती ही दुसरी. ज्याला स्वतः चित्रपट करायचा आहे त्याने आधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे पाहावे. प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या त्या संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. पुढचे सारे चित्रपट वाचू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

त्यांच्यापुढे दोन वाटा असतात : बारावी होताच बी.ए.साठी जाणे, किंवा इथे पदवी घेऊन एम.ए.साठी जाणे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षात मुख्यतः पाहायला शिकवतात. आठवड्याला एक-दोन चित्रपट, त्यांवरचे व्याख्यान, नेमून दिलेले वाचन आणि छोट्या गटातील चर्चा असा साधारण क्रम असतो. आई दारात उभी आहे आणि मुलगा सायकलवरून दूर जातो आहे, एवढे सांगून तिथे भागत नाही. कॅमेरा घरात ठेवला की रस्त्यावर, दृश्य किती वेळ न कापता धरले, सायकलची घंटी पुढच्या दृश्यातही का ऐकू येते, हे नोंदवावे लागते. मग तुकड्यांच्या जोडणीतून अर्थ घडवू पाहणारा सोव्हिएत दिग्दर्शक आइझेनस्टाइन आणि सलग चित्रणाची बाजू घेणारा फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांच्यापैकी कोणाचे म्हणणे इथे लागू पडते, यावर निबंध लिहावा लागतो. त्या निबंधात चित्रपट आवडला की नाही याला फारसे मोल नसते. आपल्याकडे बारावीपर्यंत गाइडमधील रसग्रहण पाठ करून गुण मिळतात, आणि त्यामुळे ही सवय लागायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. बी.ए.मध्ये तेवढा अवकाश मिळतो, ही तिची खरी जमेची बाजू होय.

ब्रिटनमधील एम.ए. बारा महिन्यांची असते. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात, नाताळच्या सुमारास पहिले निबंध अंगावर येतात आणि उन्हाळा लघुप्रबंधात संपतो. तिथे पाहायला शिकण्यासाठी कोणी थांबत नाही. ते शिकूनच यावे लागते. मात्र आधीची पदवी चित्रपटाचीच हवी असा आग्रह बहुतेक विभाग धरत नाहीत. साहित्य, इतिहास किंवा पत्रकारिता घेऊन नागपुरात बी.ए. केलेल्या विद्यार्थ्याने पुण्यातील महिनाभराचा चित्रपट रसास्वाद वर्ग केला आणि स्वतःच्या बुद्धीने लिहिलेले दोन-तीन लेख हाताशी ठेवले, तर त्याचा अर्ज दुबळा ठरत नाही.

आता पैसा. इंग्लंडमध्ये बी.ए.ला तीन वर्षे लागतात, स्कॉटलंड आणि अमेरिकेत चार. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क वर्षाला साधारण वीस ते तीस हजार पौंड असते. राहण्या-जेवण्याचा खर्च आणि व्हिसासोबत भरायचा वार्षिक ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार वेगळा. पदवीला हे गणित तीनदा मांडावे लागते, एम.ए.ला जवळपास एकदाच. शिवाय मोठ्या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणाकडेच झुकलेल्या आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या एम.ए.चा खर्च उचलते, पण तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून मात्र २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले, आणि हा नियम चित्रपटाच्या विद्यार्थ्याला थेट आडवा येतो : दीक्षाभूमीच्या शहरातून निघालेल्या मुलाला पडद्यावरील जातीवर लिहायचे असेल, तर नेमका तोच विषय या योजनेत बसत नाही. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली शब्दशः वाचावी.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, परंतु चित्रपटशास्त्राची पदवी सहसा जर्मनमधूनच शिकवतात. भाषेसाठी इथे दोन वर्षे घालवण्याची तयारी नसेल तर ही वाट सोडलेली बरी.

शिक्षणानंतर तिथे राहण्याच्या बाबतीत बी.ए. आणि एम.ए. यांत फारसा फरक नाही. ब्रिटनमध्ये दोन वर्षांची मुभा आहे; १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती दीड वर्षाची होणार आहे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना कामासाठी मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ चित्रपट अभ्यासाला नाही, तिथे बारा महिन्यांवर भागवावे लागते. एवढ्या काळात कर्ज फिटेल असे गृहीत धरून बी.ए.चा खर्च अंगावर घेणे मला धोक्याचे वाटते. महोत्सव, चित्रपट संग्रहालये, उपशीर्षके, प्रकाशन, समीक्षा ही या पदवीची कार्यक्षेत्रे आहेत, आणि त्यांतील सुरुवातीचा पगार अभियंत्याच्या पगाराशी ताडून पाहू नये. परत येऊन प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट किंवा पीएच.डी. लागतेच. ब्रिटनच्या एकवर्षीय एम.ए.ला भारतात मान्यता मिळण्याची अडचण २०२२ च्या दोन्ही देशांतील करारामुळे पुष्कळ दूर झाली आहे.

घरची ऐपत असेल किंवा विद्यापीठाकडून भरघोस शुल्कमाफी मिळत असेल, तर बारावीनंतर जाण्यात काहीच वावगे नाही. तीन वर्षांचे संथ शिक्षण एम.ए.च्या बारा महिन्यांत मिळत नाही. घर गहाण ठेवून जाणाऱ्याने मात्र पदवीपर्यंत थांबावे. आणि पदवीनंतरही लंडनखेरीज काही दिसत नसेल, तर कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाचा चित्रपट अभ्यास विभाग १९९३ पासून हाच विषय याच पद्धतीने शिकवतो आहे, तेही परदेशी शुल्काच्या मानाने अगदी नगण्य खर्चात, आणि नागपूरकरांना तो हावडा मेलच्या अंतरावर आहे.