स्कूबा डायव्हरने हृदयाची कोणती तपासणी करावी : साधा इको, बबल इको, टीसीडी की घशातून इको?

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून एकदा काही मीटर खाली जाऊन येणाऱ्याने या प्रश्नाची काळजी करू नये. मात्र रीतसर कोर्स करून कर्नाटकातील नेत्राणी बेटावर किंवा अंदमानला दिवसात दोन-तीन डाइव्ह करणाऱ्याला, आणि विशेषतः ज्याला एकदा डीकम्प्रेशन सिकनेस (खोलातून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) होऊन गेला आहे त्याला, हृदयातील छिद्राची तपासणी करावी का आणि कोणती करावी, हे ठरवावे लागते.

हे छिद्र म्हणजे पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले). गर्भात फुप्फुसांचे काम सुरू झालेले नसते, म्हणून रक्त उजव्या अलिंदातून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) थेट डाव्या अलिंदात जाण्यासाठी झडपेसारखी एक वाट असते. ती जन्मानंतर बंद होते, पण साधारण चारांतल्या एका प्रौढ व्यक्तीत पूर्णपणे बुजत नाही. डाइव्हनंतर शिरांतील रक्तात नायट्रोजनचे बारीक बुडबुडे असणे नेहमीचेच आहे आणि एरवी फुप्फुसे ते गाळून टाकतात. वाट उघडी असेल आणि डाइव्ह संपताच कोणी जड सिलिंडर उचलला, जोराने खोकला किंवा पाठीवर सगळे सामान घेऊन होडीच्या शिडीवर चढला, तर उजवीकडचा दाब क्षणभर वाढून बुडबुडे डावीकडे जाऊ शकतात आणि तिथून मेंदू, मज्जारज्जू, अंतर्कर्ण किंवा त्वचेपर्यंत पोहोचू शकतात.

तरीही प्रत्येक डायव्हरने ही तपासणी करावी असे नाही. हौशी डायव्हिंगमध्ये डीकम्प्रेशन सिकनेसचे प्रमाण १०,००० डाइव्हमागे साधारण २ ते ४ इतके कमी असते, आणि पीएफओ असलेले असंख्य लोक वर्षानुवर्षे विनातक्रार डायव्हिंग करतात. साउथ पॅसिफिक अंडरवॉटर मेडिसिन सोसायटी आणि ब्रिटनची स्पोर्ट डायव्हिंग मेडिकल कमिटी यांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे हीच भूमिका मांडली. ज्यांना मेंदू, मज्जारज्जू, अंतर्कर्ण किंवा त्वचेशी संबंधित डीकम्प्रेशन सिकनेस झाला आहे, ज्यांना डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी आहे, ज्यांना कारण न सापडलेला पक्षाघात झाला आहे किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात असे छिद्र आढळले आहे, त्यांनी तपासणीचा विचार करावा. डाइव्हनंतर पोटावर किंवा मांडीवर संगमरवरासारखी निळसर-लाल जाळी उमटली असेल, तर ती वेटसूट घासल्याची खूण समजून सोडून देऊ नये. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा रक्तदाब असलेल्या डायव्हरला मात्र माझे सांगणे वेगळे आहे : पीएफओ शोधण्याआधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्या, कारण डायव्हिंगमधील मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक हृदयविकार आहे.

आता तपासण्या. सर्वांत सहज होणारा म्हणजे साधा टूडी इको, आणि नेमका तोच इथे फसवा ठरतो. झडप, हृदयाची ताकद, भिंतींची जाडी यांसाठी तो उत्तम आहे. पण मिटलेल्या अवस्थेतील पीएफओ त्यात अनेकदा दिसत नाही. ‘इको नॉर्मल’ असा अहवाल हाती पडल्यावर छिद्र नाही असे मानणारे डायव्हर आहेत, आणि या गैरसमजाची मला सर्वाधिक काळजी वाटते.

बबल इकोमध्ये दोन सिरिंज जोडून सलाइन आणि थोडी हवा इकडून तिकडे जोराने ढकलतात, त्याचा फेस होतो आणि तो लगेच हाताच्या शिरेत सोडतात. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरीशुभ्र होते. मग डॉक्टर पोटातून जोर लावायला आणि सांगितल्यावर एकदम सोडायला सांगतात. त्यानंतरच्या काही ठोक्यांत डावीकडे ठिपके उमटले तर वाट उघडी आहे. ते बऱ्याच उशिरा दिसले, तर बुडबुडे फुप्फुसातून आले असण्याची शक्यता असते. जोर नीट लावला गेला नाही तर तपासणी वाया जाते, म्हणून घरी सराव करून जावे.

टीसीडीमध्ये (ट्रान्सक्रेनियल डॉप्लर) हाच फेस शिरेत सोडून कानशिलावरील प्रोबने मेंदूच्या रक्तवाहिनीतले बुडबुडे टिपतात. ती अतिशय संवेदनशील आहे, पण बुडबुडे हृदयातून आले की फुप्फुसातून, हे ती सांगत नाही. घशातून नळी घालून केलेल्या इकोमध्ये छिद्राची रचना सर्वांत स्पष्ट दिसते. त्यासाठी काही तास उपाशी राहावे लागते आणि गुंगीचे औषध दिल्यास जोर नीट लावता येत नाही. म्हणून पहिली तपासणी बबल इकोच असावी, आणि छिद्र बंद करण्याचा विचार असेल तेव्हा घशातून इको करावा, असे माझे मत आहे. चिठ्ठीवर केवळ ‘इको’ न लिहिता ‘सलाइन बबल कॉन्ट्रास्ट, विश्रांतीत आणि जोर लावून’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

छिद्र सापडलेच तर डायव्हिंग सोडणे, जपून करणे किंवा छिद्र बंद करून घेणे, हे तीन मार्ग उरतात. जपून म्हणजे कमी खोल, दिवसात एकच डाइव्ह, साध्या हवेसाठी ठरलेल्या वेळेच्या व खोलीच्या मर्यादा पाळून नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजन असलेले श्वसनाचे मिश्रण) वापरणे, आणि वर आल्यावर काही तास ओझे न उचलणे. बहुतेक हौशी डायव्हरना एवढे पुरते, असे मला वाटते. मांडीच्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण बसवून छिद्र बंद करता येते, पण त्यातही हृदयाचे ठोके अनियमित होण्यासारखे धोके आहेत. त्यानंतर किमान तीन महिन्यांनी बबल इको पुन्हा करून वाट बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, आणि रक्त पातळ ठेवणारी तीव्र औषधे थांबेपर्यंत, पाण्यात उतरू नये.