साठ व्होल्टच्या गाडीची बॅटरी गेली: पुन्हा लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

लायसन नको, रजिस्ट्रेशन नको, पेट्रोल नको आणि किंमत पन्नास-साठ हजारांच्या आसपास. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॅटच्या आतल्या मोटरच्या बॅटरीवरच्या स्कूटर आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसतात. घेताना सगळं लक्ष किमतीवर आणि रेंजवर असतं. खरा खर्च कळतो तो वर्ष-दीड वर्षाने, जेव्हा पन्नास किलोमीटर जाणारी गाडी वीसवरच दम तोडायला लागते आणि मेकॅनिक सीट उचलून सांगतो, "बॅटऱ्या गेल्या."

अशा वेळी पुढे तीन वाटा असतात. पुन्हा लेड-ॲसिडचा सेट, गावातल्या दुकानात बांधून घेतलेला लिथियम पॅक, किंवा मिळत असेल तर कंपनीचाच लिथियम पॅक. माझं मत आधीच सांगतो. रोजची धाव वीस किलोमीटरच्या वर असेल आणि गाडीचा सांगाडा धड असेल, तर लिथियम फेरोफॉस्फेट, म्हणजे दुकानदार ज्याला एलएफपी म्हणतात, तीच घ्या. धाव कमी असेल किंवा गाडीच थकली असेल, तर लेड-ॲसिड पुरेशी आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

आधी पाचही गेल्यात का ते बघा

साठ व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. त्यातली एक कमजोर झाली की पाचांची ताकद तिच्याएवढीच राहते. म्हणून पूर्ण चार्ज करून गाडी चार-पाच तास तशीच उभी ठेवा, सीटखालचा एमसीबी, म्हणजे मुख्य स्विच, पाडा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा आणि मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. चांगली बॅटरी १२.८ ते १३.२ व्होल्ट दाखवते. पण नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मेलेली बॅटरीसुद्धा बिनलोडची १२.८ दाखवू शकते. दुकानात लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून मोजणारं यंत्र, लावून घ्या. चार बॅटऱ्या बारा व्होल्टच्या आसपास टिकल्या आणि एक झपकन साडेदहाच्या खाली गेली, तर दोषी सापडली. अंगाने फुगलेली किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढलेली असेल, तर ती डोळ्यांनाच दिसते.

सेट वॉरंटीत असेल तर तेवढी एकच बदलून घ्या. सेट वर्षाच्या वर गेला असेल, तर चार जुन्यांत एक कोरी घालू नका. जुन्या लवकर रिकाम्या होतात, लवकर भरतात, आणि त्या ओढाताणीत नवीही खराब होते.

लेड-ॲसिड: स्वस्त, जड, ओळखीची

साठ व्होल्ट, २८ ते ३२ अँपिअर-अवर क्षमतेचा सेट साधारण पंधरा ते वीस हजारांत येतो. जुना सेट भंगारात देताना शिशाच्या वजनावर तीन-चार हजार परत मिळतात. चार्जर तोच चालतो, वायरिंगला हात लावावा लागत नाही, कुठल्याही गावातला बॅटरीवाला अर्ध्या तासात बसवून देतो. हे फायदे खरे आहेत आणि लिथियमची जाहिरात करणारे ते मुद्दाम सांगत नाहीत.

तोटा वजनाचा आणि आयुष्याचा. पाच बॅटऱ्या मिळून चाळीस किलोच्या वर जातात. त्या काढून तिसऱ्या मजल्यावर नेणं कुणालाच जमत नाही, म्हणजे चार्जिंग पार्किंगमध्येच व्हायला हवं. आयुष्य साधारण ३०० ते ४०० चार्ज, तेही नीट वापरल्यास. चार्ज उतरलेली गाडी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर तशीच उभी ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते नंतर कितीही चार्ज केलं तरी निघत नाही. उष्णता तर या बॅटरीची वैरीण. तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली उभी केलेली गाडी आणि कोल्हापुरात सावलीत उभी असलेली गाडी, दोघींचा सेट एकाच दिवशी घेतला तरी एकाच वेळी संपणार नाही.

आणि हो, "ग्राफिन बॅटरी" म्हणून जास्त पैसे मागितले जातात, तीही लेड-ॲसिडच आहे. प्लेटेत थोडा कार्बन मिसळलेला असतो. चांगल्या कंपनीची असेल तर थोडी जास्त टिकते, पण तिची तुलना लिथियमशी करू नका.

बांधून घेतलेला एलएफपी पॅक: इथे सर्वात जास्त चौकशी हवी

पंचवीस ते पस्तीस हजारांत ६० व्होल्ट ३० अँपिअर-अवरचा पॅक बांधून मिळतो. एका सेलचा व्होल्टेज ३.२, म्हणून वीस सेल सिरीजमध्ये, आणि ६ अँपिअर-अवरचे गोल सेल असतील तर अशा पाच रांगा समांतर. एकूण शंभर सेल, त्यांवर निकेलच्या पट्ट्यांचं स्पॉट वेल्डिंग आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारं बीएमएस नावाचं सर्किट. वजन पंधरा-अठरा किलो. दोन्ही हातांनी उचलून घरी नेता येतं. गाडी पंचवीसेक किलोने हलकी होते. ते ब्रेक लावताना आणि डबलस्टँडवर घेताना पहिल्याच दिवशी कळतं.

चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सेल कोरे आहेत का आणि कोणत्या कंपनीचे? पॅक बंद करण्याआधी स्वतः उभं राहून बघा. सेलवर जुन्या वेल्डिंगचे टिंब दिसले तर ते दुसऱ्या कुठल्या तरी पॅकमधून उपटलेले आहेत.

बीएमएस किती अँपिअरचं? गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, चढावर वीस-पंचवीस अँपिअर ओढतो. बीएमएस त्याहून बरंच वरचं, चाळीसच्या आसपास हवं. नाहीतर कात्रजच्या चढावर डबलसीट असताना गाडी मध्येच बंद पडेल.

चार्जर कोणता? इथे बरेच दुकानदार हलगर्जीपणा करतात. वीस सेलच्या एलएफपी पॅकचा पूर्ण चार्ज ७३ व्होल्टवर होतो आणि लेड-ॲसिडचा जुना चार्जर साडेत्र्याहत्तरच्या आसपास जातो. आकडे जवळचे, म्हणून "जुनाच चालवा" असं सांगितलं जातं. मग रोज शेवटच्या टप्प्यात पॅकला वाचवायचं काम एकट्या बीएमएसवर पडतं. एलएफपीचा वेगळा चार्जर दोन-तीन हजारांना मिळतो. तो पॅकच्या किमतीतच धरा.

वॉरंटी बिलावर लिहून मिळेल का? पॅकचा नंबर, सेलचा प्रकार, अँपिअर-अवर आणि वर्षं. पक्कं बिल मागितल्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून बिनबिलाचा भाव सुचवला जातो. तो घेऊ नका. दोन वर्षांनी बीएमएस गेलं तर हातात कागद हवा, आणि ते बदलून देणारा माणूस आपल्याच गावात हवा. परगावाहून कुरियरने मागवलेला पॅक थोडा स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर तो परत पाठवणार कसा?

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. गाडीवरचा चार्जचा काटा व्होल्टेज बघून चालतो आणि तो लेड-ॲसिडसाठी लावलेला असतो. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. म्हणून काटा चाळीस किलोमीटरपर्यंत भरलेलाच दिसेल आणि मग पाच मिनिटांत शून्यावर जाईल. ब्लूटूथचं बीएमएस घेतलं तर मोबाइलवर खरा आकडा दिसतो. त्याचे थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

एनएमसी आणि जुने सेल

पंधरा-सोळा हजारांत "लिथियम" मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका. ते बहुतेक वेळा वापरलेले एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे लिथियम सेल असतात. एनएमसी एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेटते आणि पेटली की सहजासहजी विझत नाही. सोळा सेलचा असा पॅक ६७.२ व्होल्टला भरतो. त्याला लेड-ॲसिडचा चार्जर लावणं म्हणजे सरळ धोका. २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्याच वर्षीच्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीसाठी एआयएस-१५६ हा नियम कडक केला. बॅटरी कोणतीही असो, झोपायच्या खोलीत, दाराजवळ किंवा जिन्याखाली चार्जिंग करू नका.

कंपनीचा पॅक

मिळत असेल, चाचणी झालेला असेल आणि लेखी तीन वर्षांची वॉरंटी असेल, तर मनःशांती याच्यात सर्वात जास्त. रजिस्ट्रेशन असलेल्या गाडीला तर हाच घ्यावा, कारण बाहेरचा पॅक लावल्यावर विम्याचा दावा अडकू शकतो. अडचण इतकीच की स्वस्त गाड्या विकणाऱ्या कित्येक कंपन्या दोन वर्षांत गाशा गुंडाळतात, आणि ज्या टिकतात त्यांच्या पॅकची किंमत अर्ध्या गाडीएवढी असते.

दोन घरांचा हिशेब

रोज तीस किलोमीटर, वर्षाला नऊ हजार किलोमीटर फिरणारा डबेवाला धरा. सवा वर्षाला एक लेड-ॲसिड सेट, भंगार वजा जाता साडेतेरा हजार, म्हणजे पाच वर्षांत चार सेट आणि चोपन्न हजार. एलएफपी आणि चार्जर मिळून तेहेतीस हजार, आणि बरा पॅक पाच वर्षं निघतो. शिवाय लेड-ॲसिड चार्ज होताना जास्त वीज वाया घालवते. इथे विचार करायलाच नको.

आता आमच्या वहिनी. अकोल्यात शाळेत शिकवतात, जाणं-येणं मिळून नऊ किलोमीटर. त्यांना लेड-ॲसिडचा सेट अडीच वर्षं जातो. पाच वर्षांत दोन सेट, तीस हजारांच्या आत. एलएफपीने त्यांचे पैसे वाचत नाहीत, आणि अडीच वर्षांनी त्यांच्या गाडीचा पत्रा कुठवर गंजलेला असेल हेही बघायला हवं. त्यांना मी लेड-ॲसिडच घ्यायला लावली.

गाडी बसवायला दिली की दुकानदार हमखास विचारतो, "बहात्तर व्होल्ट करून देऊ का, पळेल चांगली." नाही म्हणा. वेग पंचविसाच्या वर गेला की गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते. मग ती बिनलायसन, बिनविम्याची गाडी होते, आणि अपघातात सगळा भार तुमच्यावर येतो.

लिथियम घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करा. पॅक कट होईपर्यंत घराजवळच फिरवून रिकामा करा आणि प्लगमध्ये लावायचा सहा-सातशे रुपयांचा वॉटमीटर लावून पूर्ण चार्ज करा. ६४ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे १.९२ युनिट, चार्जरमधला अपव्यय धरून भिंतीतून दोन ते सव्वादोन युनिट जायला हवेत. मीटरने दीडच्या आत थांबून दाखवलं, तर तुम्हाला ३०चा म्हणून वीस-बावीसचा पॅक विकला आहे. मीटरचा फोटो काढा आणि बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठा.