ट्रोजन काढल्यानंतर नऊ महिने फक्त डिफेंडरवर

नऊ महिन्यांपूर्वी माझ्या लॅपटॉपमध्ये ट्रोजन आला. तो व्हायरससारखा आपणहून पसरत नाही. कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो आणि दार आपणच उघडतो. माझ्याकडे तो व्हिडिओ कन्व्हर्टर बनून आला. 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा' अशी सूचना होती आणि मी ती पाळली. कळकळीनं सांगतो, अशी सूचना दिसली की ती फाइल उघडूच नका.

तीन दिवसांनी ईमेलवर अनोळखी लॉगिनचा इशारा आला. लॅपटॉप संथ झाला नव्हता, जाहिराती येत नव्हत्या. पासवर्ड चोरणारा ट्रोजन गाजावाजा करतच नाही, म्हणून 'मशीन तर नीट चालतंय' यावर विसंबू नका.

विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसचा क्विक स्कॅन लावला, काहीच निघालं नाही. कारण नंतर सापडलं: एक्सक्लूजन्सच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह! इन्स्टॉल करताना मी दिलेली ॲडमिन परवानगी वापरून ट्रोजननं स्वतःला तपासणीतून वगळून घेतलं होतं. ती नोंद काढली आणि ऑफलाइन स्कॅन चालवला. यात लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू न होताच तपासणी होते, त्यामुळे ट्रोजनला लपायला किंवा स्कॅन अडवायला वाव राहत नाही. सुमारे १५ मिनिटं लागतात. माझ्याकडे दोन फाइली पकडल्या गेल्या.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. २०१४ मध्ये बँकिंग ट्रोजन म्हणून आलेला इमोटेट पुढे इतर मालवेअरला, म्हणजे घातक प्रोग्रॅम्सना, आत घेणारा दरवाजा बनला होता. म्हणजे एक सापडला म्हणून तो एकटाच होता असं नाही. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकलं. पासवर्ड मात्र त्याआधीच, फोनवरून बदलले आणि प्रत्येक खात्यात 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' केलं. हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात. ब्राउझरमधली सेशन कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केलेलं आहे याची खूण, चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही.

तेव्हापासून वेगळा अँटीव्हायरस टाकलेला नाही. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडरच्या सेटिंग बदलू न देणारी सोय, चालू असतं. रोजचं काम साध्या, ॲडमिन नसलेल्या खात्यातून करतो. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानंच पडला. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस मुळात बंद असतो, तो चालू केला. काही नव्या प्रोग्रॅम्सना एकदा परवानगी द्यावी लागते, पण अनोळखी प्रोग्रॅम माझ्या डॉक्युमेंट्समध्ये बदल करू शकत नाही.

फाइलींची एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचा प्रकार सांगणारा भाग, दिसतील अशीही सेटिंग केली आहे. पाचव्या महिन्यात एका झिपमध्ये बिल म्हणून आलेल्या फाइलचं नाव 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'नं संपत होतं. ईएक्सई म्हणजे कागदपत्र नव्हे, प्रोग्रॅम. पूर्वीच्या सेटिंगमध्ये शेवटचं ईएक्सई दिसलंच नसतं आणि मी ते बिल समजून उघडलं असतं.

विकतचा अँटीव्हायरस घ्यावा का? घेतलात तर डिफेंडरचं रिअल-टाइम संरक्षण आपोआप बाजूला होतं, दोन्ही एकदम चालवायचा खटाटोप करू नका. मी ते पैसे एक्स्टर्नल डिस्कवर घातले. आठवड्यातून एकदा बॅकअप घेतो आणि केबल काढून ठेवतो.