जुने अमेरिकन क्वार्टर: मोडीचा भाव, दरपत्रक की ग्रेडिंग?

डबाभर जुने क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची (२५ सेंटची) नाणी, हाती आले की किंमत काढायचे तीन मार्ग समोर येतात. चांदीच्या वजनाने मोडीचा भाव काढायचा, साल आणि टांकसाळ पाहून दरपत्रकात शोधायचं, किंवा नाणं ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून त्याची प्रत ठरवून घ्यायला, पाठवायचं. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक डब्यांना पहिला मार्ग पुरतो, पण दुसरा पार केल्याशिवाय पहिल्यावर जाऊ नका.

आधी साल. १९६४ पर्यंतच्या क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी आहे. १९६५ पासून चलनासाठी पाडलेल्या नाण्यांत ती नाही. त्यांच्या कडेवर तांब्याची रेघ दिसते आणि वजन ६.२५ ऐवजी ५.६७ ग्रॅम भरतं. ‘१७७६–१९७६’ छापलेलं नाणं खास वाटतं, पण चलनातलं असेल तर पंचवीस सेंटच. (सॅन फ्रान्सिस्कोने संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीचेही काढले होते, ते वेगळे.)

मोडीचा हिशेब सोपा आहे. एका क्वार्टरमध्ये सुमारे ०.१८ ट्रॉय औंस (सोन्याचांदीचं माप, सुमारे ३१.१ ग्रॅम) शुद्ध चांदी असते. औंसाला ३० डॉलर भाव धरला तर साधारण ५.४० डॉलर. झिजलेल्या नाण्यांसाठी डीलर चार क्वार्टरमागे ०.७१५ औंस धरतात. १९४० ते १९६४ मधल्या वापरलेल्या, सहज मिळणाऱ्या नाण्यांना हाच मार्ग योग्य. त्याची उणीव एकच, पण मोठी: त्याला सगळी नाणी सारखीच दिसतात.

ती सारखी नसतात. १९३२ साली वॉशिंग्टन क्वार्टर सुरू झाला, तेव्हा फिलाडेल्फियाने ५४ लाखांहून अधिक पाडले, डेन्व्हरने ४,३६,८०० आणि सॅन फ्रान्सिस्कोने फक्त ४,०८,०००. फरक सांगतं ते एक इवलंसं अक्षर, मागच्या बाजूला गरुडाखालच्या फांद्यांच्या खाली: ‘डी’ किंवा ‘एस’. बनावट अक्षर चिकटवलेलीही सापडतात, म्हणून भिंग हवंच. त्याआधीच्या बार्बर मालिकेत (चार्ल्स बार्बरने घडवलेले क्वार्टर) १९०१ चा ‘एस’ (७२,६६४ नाणी) आणि उभ्या लिबर्टीचा (स्वातंत्र्यदेवता उभी असलेला) १९१६ चा क्वार्टर (५२,०००) हे असेच दुर्मिळ.

दरपत्रकाची अडचण वेगळी आहे. त्यातले आकडे बहुधा दुकानात विकायचे असतात. डीलर तुमच्याकडून घेताना कमीच देणार. शिवाय आपल्या नाण्याची प्रत, म्हणजे ते किती चांगल्या स्थितीत आहे ते, आपण हमखास वरची धरतो. ईबेवर पाहायचं तर मागितलेली किंमत सोडून द्या, विकल्या गेलेल्या नाण्यांची पाहा.

पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून १ ते ७० मधली प्रत देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. शुल्क, टपाल आणि विमा मिळून खर्च भरपूर होतो. भारतातून पाठवायचं तर आणखीच. साध्या नाण्यावर तो वाया जातो. वर सांगितलेल्या दुर्मिळ नाण्यांसाठी मात्र जरूर करा, कारण तिथे ग्राहक अस्सलपणाचे पैसे मोजतो.

आणि कृपा करून नाणी घासू नका, चिंच-पितांबरी तर मुळीच नाही. साफ केलेल्या नाण्याला पूर्ण प्रत मिळत नाही.

उभ्या लिबर्टीचं साल पुसलेलं असेल तरी लगेच मोडीत टाकू नका. १९२४ पर्यंत त्यावरचं साल उठावदार होतं, म्हणून ते लवकर झिजे. १९१६ चं नाणं केसांच्या आणि झग्याच्या घडणीवरून जाणकाराला साल नसतानाही ओळखता येतं. बाकी सालांचे असे क्वार्टर चांदीच्या भावाने द्या.